जुनी, छोटी, चपळ गाडी: निवडण्यापासून पहिल्या वर्षापर्यंत

१९७६ साली फोक्सवॅगनची पहिली गोल्फ जीटीआय आली. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११० पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). आज काही साध्या घरगुती हॅचबॅकही एवढी ताकद देतात, तरी त्या गाडीचं नाव अजून निघतं, कारण तिचं वजन जेमतेम ८०० किलोंच्या आसपास होतं. १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली तीही याच हिशेबाने: १.६ लिटर इंजिन, ताकद मागच्या चाकांना, आणि वजन हजार किलोंच्या आत. छोट्या स्पोर्टी गाडीचं सुख या वजनात आहे. स्टिअरिंग फिरवलं की ती लगेच वळते, ब्रेक दाबला की लगेच थांबते, रस्ता हाताला आणि पाठीला कळतो. त्यासाठी फार वेगात जावं लागत नाही. शिवाय टायर लहान, ब्रेक पॅड लहान, पेट्रोलही बेताचं.

अशा गाड्या दहा-पंधरा वर्षांनी स्वस्त होतात आणि तिथेच नवा माणूस फसतो. साधी जुनी गाडी बहुधा कामाला जाण्या-येण्यात झिजलेली असते. स्पोर्टी गाडी दोन-तीन हौशी हातांतून गेलेली असते. कुणी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं असतं, तर कुणी रोज थंड इंजिनावरच लाल रेषेपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत, पिटाळलेलं असतं. धुऊन-पुसून उभ्या केल्या की दोन्ही सारख्याच चकचकीत दिसतात. म्हणून मॉडेल ठरवायला जितका वेळ द्याल, त्याच्या दुप्पट वेळ आधीचा मालक आणि त्याने जपलेले कागद तपासायला द्या. पुढे जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

पहिली पायरी: पैशांची वाटणी

हातातल्या रकमेचे तीन भाग करा. दोन भागांत गाडी घ्या, तिसरा बाजूला ठेवा. हा तिसरा भाग पहिल्या सहा महिन्यांत खर्च होणारच, असं धरून चाला. टायर, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन ताळ्यावर ठेवणारा पट्टा), शॉकअब्सॉर्बर, क्लच यांतलं एखादं तरी संपत आलेलं असतं, आणि पुष्कळ मालक नेमका तो खर्च समोर दिसू लागला की गाडी विकायला काढतात. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी होते नव्हते ते सगळे पैसे किमतीतच घातले. तीन आठवड्यांनी लक्षात आलं की टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कुठेच पुरावा नाही. बेल्टचे पैसे जमेपर्यंत गाडी चार महिने कव्हरखाली उभी राहिली. ते चार महिने मी विसरलेलो नाही.

गाडी बघायला जाण्याआधी घरबसल्या दोन चौकश्या करा. एक म्हणजे विमा. स्पोर्टी मॉडेलचा विमा त्याच गाडीच्या साध्या मॉडेलपेक्षा महाग असू शकतो, आणि चालवणारा नवखा असेल तर आणखी. दुसरी चौकशी पार्टची: क्लचचा पूर्ण सेट, चार शॉकअब्सॉर्बर, पुढच्या डिस्क आणि पॅड, टायमिंगचं किट आणि एक हेडलाइट, या पाच गोष्टी मिळतात का, केवढ्याला आणि किती दिवसांत, ते विचारून लिहून ठेवा. पाचांपैकी दोनसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत असेल तर ती गाडी पहिली गाडी म्हणून घेऊ नका, मग ती कितीही आवडो. कमी संख्येने बनलेल्या मॉडेलचे बंपर आणि दिवे हीच खरी अडचण असते. इंजिनाचे पार्ट बहुतेकदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीतूनही मिळतात.

दुसरी पायरी: कुठल्या जातीची गाडी

नवशिक्याला माझा सल्ला सरळ आहे: १.४ ते १.६ लिटरचं बिनटर्बोचं पेट्रोल इंजिन, हाताने टाकायचे गिअर, ताकद पुढच्या चाकांना, आणि कंपनीतून निघाली तशीच असलेली गाडी. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी पंख्यासारखी चक्की) वाईट नाही, पण जुना टर्बो म्हणजे तापणारे पाइप, तेलाच्या नळ्या, इंटरकूलरचे होज अशा बिघडू शकणाऱ्या आणखी डझनभर जागा. शिवाय टर्बो गाडीची ताकद इंजिनाच्या संगणकातून वाढवणं सोपं असतं, त्यामुळे आधीच्या मालकाने तसं काही करून पाहिलं असण्याची शक्यताही जास्त.

या वर्णनात चपखल बसणारी गाडी म्हणजे २००५ सालापासूनची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट. १.६ लिटर, १२५ पीएस, टायमिंगला बेल्टऐवजी चेन. पुढच्या पिढीत ताकद १३६ पीएस झाली, आणि २०१७ मध्ये १.४ लिटरचं टर्बो इंजिन आलं तेव्हा गाडी हजार किलोंच्या आत आली. फियाटची पांडा १०० एचपी दिसायला खेळण्यासारखी, पण सहा गिअरची आणि चालवायला फार आनंदाची. सस्पेन्शन मात्र कडक आहे, रोज खराब रस्त्यावरून जायचं असेल तर आधी लांबवर चालवून पाहा.

बाकीच्या प्रसिद्ध गाड्यांच्या दुखऱ्या जागा ठरलेल्या आहेत. त्या माहीत असल्या की बघायला गेल्यावर हात थेट तिथेच जातो.

एमएक्स-५चं इंजिन दणकट, पत्रा नाजूक. कापडी छतावरचं पाणी दारांमागच्या नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पानं-मातीने तुंबल्या की पाणी दाराखालच्या उंबऱ्यात, म्हणजे सिलमध्ये साचतं आणि पत्रा आतून कुजतो. मागच्या चाकाच्या जरा पुढे, सिलच्या टोकाला बोटाने दाबून पाहा. अगदी सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाची चावी झिजते. इंजिन चालू असताना समोरची पुली डुगडुगत असेल तर गाडी सोडा. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणारा छोटा तेलाचा सिलिंडर) गळणं मात्र या गाडीत नेहमीचं आणि स्वस्तातलं दुखणं, त्याला घाबरू नका.

टोयोटाची तिसऱ्या पिढीची एमआर२ ही १९९९ ते २००७ या काळातली, इंजिन सीटच्या मागे. सुरुवातीच्या गाड्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच छोटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणाऱ्या जाळ्या) आहेत. ते भुगा होऊन इंजिनात ओढले जातात आणि सिलिंडर खरवडतात. हे पार्ट काढले आहेत का किंवा तपासले आहेत का, हे विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका. प्यूजोच्या १०६, २०५, २०६ आणि सिट्रोएन सॅक्सो यांच्या मागच्या अ‍ॅक्सलची बेअरिंग झिजली की मागची चाकं वरून आत झुकतात. गाडीच्या मागे दहा पावलांवर उभं राहिलं तरी ते दिसतं. रेनॉ क्लिओ १७२ आणि १८२ मध्ये टायमिंग बेल्टचं काम खर्चिक आहे. इंजिनाची वेळ जुळवायला खास साधनं लागतात आणि डीफेझर पुली (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी चकती) सोबत बदलावी लागते. 'बेल्ट नुकताच बदललाय' या शब्दांना तिथे बिलाशिवाय किंमत नाही. मिनी कूपर एसचं २००६ अखेरीस आलेलं टर्बो मॉडेल थंड असताना सुरू केल्यावर खडखडलं, तर टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) संशयात घ्या. त्याआधीचं सुपरचार्जरवालं मॉडेल मला जास्त भरवशाचं वाटतं. फोर्ड प्यूमाचं १.७ लिटरचं इंजिन यामाहाच्या मदतीने बनलेलं, फिरायला गोड, पण मागच्या चाकांवरच्या कमानी हमखास गंजतात.

तिसरी पायरी: फोनवरच अर्धी चाळणी

जाहिरात पाहून लगेच निघू नका. आधी फोन करा आणि विचारा: गाडी किती वर्षं तुमच्याकडे आहे, का विकताय, कागद तुमच्याच नावावर आहेत का, तिच्यावर कर्ज शिल्लक आहे का, कधी ठोकली गेली आहे का, टायमिंगचं काम कधी झालं आणि बिल आहे का, कोणतं ऑइल घालता. शेवटचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यातून बरंच कळतं. जपणारा मालक ग्रेड सांगतो, किती किलोमीटरला बदलतो तेही सांगतो. ज्याला ऑइलचं नावही आठवत नाही, त्याने बाकी काय पाहिलं असेल?

आणि एक विनंती नक्की करा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन आपले निम्मे दोष लपवतं.

चौथी पायरी: उभ्या गाडीची तपासणी

दिवसाउजेडी जा, पाऊस नसताना जा. ओल्या पत्र्यावर सगळेच रंग सुंदर दिसतात. सोबत टॉर्च, छोटा चुंबक, एक चिंधी आणि हात धरून थांबवणारा एक शांत मित्र न्या. मित्राचं काम फार महत्त्वाचं आहे. आवडलेल्या गाडीसमोर आपलं डोकं चालत नाही, हे मी स्वतःच्या आणि इतरांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिलंय.

चॅसिस नंबरापासून सुरुवात करा. १९८१ नंतरच्या बहुतेक गाड्यांना सतरा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. बॉडीवरचा, प्लेटवरचा आणि कागदावरचा नंबर एकेक अक्षर बोटाने मोजत जुळवा. नंबराभोवती खरवडल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा असतील तर बोलणं तिथेच संपवा.

मग पत्रा. गाडीच्या एका टोकाला खाली बसा आणि बाजूने नजर लांबवर सोडा. सरळ रेषेत कुठे लाट दिसली तर तिथे डेंटिंग झालंय. दारं, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. बॉनेटच्या आत मडगार्डचे बोल्ट बघा. त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला असेल तर तो पार्ट कधीतरी उतरवलेला आहे. दारांच्या रबरावर रंगाचा फवारा दिसतोय का, तेही पाहा. चुंबक कापडात गुंडाळून सिल आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली लांबी (पुट्टी) भरलेली असू शकते. अ‍ॅल्युमिनियमच्या भागावर चुंबक मुळातच चिकटत नाही, हे लक्षात ठेवा. पहिल्या एमएक्स-५चं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचंच आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र कुणाकडून मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो. एकाच दारावर आकडा अचानक तीनशेच्या पार गेला तर तिथे दुरुस्ती झालेली आहे.

नुसता रंग दुसऱ्यांदा मारलाय म्हणून मी गाडी नाकारत नाही. पार्किंगमध्ये ओरखडे पडतात, लोक रंगवून घेतात. पुढच्या दोन लांब तुळया, शॉकअब्सॉर्बर वर जिथे बसतात ते मनोरे आणि जॅक लावायच्या जागा, या तीन ठिकाणी वेल्डिंग किंवा सुरकुत्या दिसल्या तर मात्र परत फिरा. गाडीच्या पोटाला ताजा काळा डांबरी थर दिला असेल तर तोही शंकेने पाहा. गंज झाकायला याहून सोपा उपाय नाही.

टायर वाचायला शिका. कडेला डॉट या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी दहा वर्षांचं रबर दगडासारखं होतं, आणि स्पोर्टी गाडीत त्याचा धोका दुप्पट. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे असतील तर मालकाने गाडीवर पैसे खर्च केले आहेत असं समजा. चार टायर चार कंपन्यांचे आणि तेही सगळ्यात स्वस्तातले असतील, तर इंजिनातही त्याने तीच काटकसर केली असेल. एकाच कडेला झिजलेला टायर म्हणजे अलाइनमेंट बिघडलंय, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) गेले आहेत किंवा गाडीला मार बसलाय.

आत बसा. गाडी कमी चालली आहे असं मीटर सांगत असेल आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत, सीटची दाराकडची कड फाटलेली असेल, तर मीटरपेक्षा रबरावर विश्वास ठेवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या भागावर पाण्याची किंवा गाळाची रेघ दिसली तर गाडी पुरात उभी होती. गालिच्याखाली हात घालून वास घ्या.

आता बॉनेट. थंड इंजिनाचं कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) झाकण उघडा (गरम असताना कधीच नाही). कूलंटचा रंग स्वच्छ हवा, त्यावर तेलाचा तवंग नको. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला तर हेड गास्केटची (इंजिनाच्या डोक्याखालच्या, तेल-पाणी वेगळं ठेवणाऱ्या पत्रीची) शंका घ्या. मात्र थंड हवेत फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही वाफेमुळे थोडा थर जमतो, म्हणून एवढ्यावरून निकाल देऊ नका. डिपस्टिक काढा. ऑइल काळं असणं स्वाभाविक आहे, पण पातळी खालच्या खुणेखाली असेल तर ते मालकाच्या सवयीबद्दल बोलतं.

पाचवी पायरी: सुरू करून, चालवून

चावी फिरवून फक्त इग्निशन चालू करा आणि डॅशबोर्डचे दिवे मोजा. एअरबॅग, एबीएस, इंजिन हे दिवे आधी लागायला हवेत आणि नंतर विझायला हवेत. मुळात लागलाच नाही तो दिवा कुणीतरी बंद केलेला असू शकतो. मग मित्राला गाडी सुरू करायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरमागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थोडी पांढरी वाफ सुरुवातीला चालते, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर राहिला तर कूलंट जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त.

जवळ ओबीडी, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाडाचे कोड, वाचायचं छोटं यंत्र असेल तर लावा. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ही सोय बंधनकारक होती. एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका, रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते सांगणाऱ्या खुणा) बघा. ते 'अपूर्ण' दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसले आहेत किंवा बॅटरी काढली होती. कारण विचारा.

चालवताना रेडिओ बंद, खिडक्या खाली. चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढले आणि वेग नाही चढला तर क्लच घसरतोय. तिसऱ्यातून दुसऱ्यात झटकन उतरा. खरखर झाली तर सिंक्रोमेश (गिअर जुळवून घेणाऱ्या कड्या) गेलंय, आणि पिटाळलेल्या गाड्यांत दुसऱ्या गिअरचंच आधी जातं. थंड असताना थोडा जड पडणारा गिअर वेगळा, तो बऱ्याच गाड्यांत असतो आणि गिअर ऑइल गरम झालं की सैल होतो. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरा. कटकट आवाज आला तर बाहेरच्या चाकाकडचा सीव्ही जॉइंट (वळत्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) झिजलाय. सरळ जाताना घुमणारा आवाज डावीकडे वळताना वाढत असेल तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग गेलेलं असतं, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर येतो. लांब उतारावर गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडून या, तळाशी पोचल्यावर पुन्हा दाबा आणि आरशात बघा. तेव्हा निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील थकले आहेत.

सगळं ठीक वाटलं तरी पैसे देण्याआधी गाडी एखाद्या परक्या मेकॅनिकच्या जॅकवर चढवा. विकणाऱ्याने सुचवलेला मेकॅनिक नको. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची चाचणी) करून घ्या आणि चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहा. त्यांच्यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर इंजिन उघडावं लागेल. विकणारा या तपासणीला नाही म्हणत असेल तर त्याचं उत्तर मिळालं, घरी या.

बदल केलेली गाडी

स्वस्त स्पोर्टी गाड्यांत हा प्रश्न येतोच. आधीच्या मालकाने फिल्टर, सायलेन्सर, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बर), मोठी चाकं, इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंग्ज असं काय काय बदललेलं असतं. त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. कापून ठेंगण्या केलेल्या स्प्रिंगची गाडी घेऊच नका. तिथे गाडीचं वळणं आणि थांबणं दोन्ही बिघडवलेलं असतं, आणि तिथे हात घालणाऱ्याने आणखी कुठे घातला हे तुम्हाला कळणार नाही. नामांकित पार्ट, बसवल्याची बिलं आणि काढलेले मूळ पार्ट डब्यात जपलेले, असं मिळालं तर ती वेगळी गोष्ट. तसा माणूस नीटस असतो. प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडकतो.

व्यवहार

सापडलेल्या दोषांची यादी आणि त्यांच्या दुरुस्तीचा अंदाज शांतपणे समोर ठेवा. गाडीला नावं ठेवून भाव उतरत नाही, माणूस फक्त चिडतो. कर्ज फिटल्याचा कागद, नोंदणी, दोन्ही चाव्या, रेडिओ किंवा इमोबिलायझरचा (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा) कोड, चाकाच्या चोरीविरोधी नटचा सॉकेट हे सगळं हातात आल्यावरच शेवटची रक्कम द्या. तो सॉकेट हरवलेला असेल तर पहिल्याच पंक्चरला रस्त्यात बसावं लागतं.

पहिला आठवडा

मागची बिलं कितीही चांगली असोत, गाडी घरी आली की एकदा सगळं शून्यापासून करा: इंजिन ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड. टायमिंग बेल्टचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकत्र बदला. बेल्टला किलोमीटरची आणि वर्षांची अशा दोन्ही मर्यादा असतात. जी आधी येईल ती पाळायची. कमी चाललेली पंधरा वर्षांची गाडी मूळ बेल्टवर असेल तर तिला 'कमी चाललेली' म्हणून आनंद मानू नका. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटताच पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि एका क्षणात हेडचं काम निघतं.

ब्रेक फ्लुइडबद्दल जरा थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याकडे होतं. ते हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट ४ फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक लावले की कॅलिपरमधलं फ्लुइड उकळतं, वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि पेडल थेट तळाला जातं. दोन वर्षांतून एकदा बदललं की हा प्रश्न उरत नाही. ही सगळ्यात स्वस्त सर्व्हिस आहे आणि जीव वाचवणारी आहे.

पुढे रोज

थंड इंजिन उभं ठेवून तापवत बसू नका. अर्ध्या मिनिटात निघा, पण हळू. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून थंड असतं, त्याला आणखी काही मिनिटं लागतात. तोवर ३,००० आरपीएमच्या वर जाऊ नका. पुढे मात्र इंजिन मोकळेपणाने फिरवा, ते त्यासाठीच बनलंय. टर्बो असेल तर जोरात चालवल्यानंतर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं तापलेलं तेल जळत नाही.

दर दोन टाक्यांमागे डिपस्टिक बघा. वरच्या आरपीएमला फिरणारी इंजिनं थोडं ऑइल खातात, ते चालतं. ऑइल कमी असताना जोरात वळण घेतलं तर पंपाला ऑइलऐवजी हवा मिळते, आणि बेअरिंगं तिथेच जातात. टायरची हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना. पेट्रोलचा ऑक्टेन मॅन्युअलमध्ये दिलाय तोच. त्याहून कमी घातला तर नॉक सेन्सर (पेट्रोल अवेळी पेटल्याची ठकठक ओळखणारा भाग) ठिणगीची वेळ मागे ओढायला लावतो आणि ज्या ताकदीसाठी गाडी घेतली तीच कमी होते. साध्या इंजिनात महागडं पेट्रोल घालून मात्र काही हाती लागत नाही.

गाडी चालवायलाही नव्याने शिकावं लागेल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाड्या, विशेषतः २०५ जीटीआयच्या वंशातल्या, वळणाच्या मध्यावर अचानक अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागून सुटतात, कारण वजन पुढे सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. एमआर२ सारख्या मध्ये इंजिन असलेल्या गाडीत तर हे आणखी झटक्यात होतं. ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत संपवा, वळणात पाय स्थिर ठेवा. गाडी कुठे घसरते हे समजून घ्यायचं असेल तर बंद मैदानावरच्या ऑटोक्रॉससारख्या (कोनांमधून एकेका गाडीने वेळ नोंदवायच्या) स्पर्धेत किंवा शिकवणीत जा. सार्वजनिक रस्त्यावर ते शोधू नका.

सुधारणा करायच्याच तर या क्रमाने

आधी चांगले टायर, मूळ मापाचेच. मग ब्रेक पॅड, मग झिजलेले रबरी बुश आणि शॉकअब्सॉर्बर, आणि सगळं बसल्यावर अलाइनमेंट. एवढ्यात गाडी नवी होते आणि बहुतेकांची ताकद वाढवायची इच्छाच मावळते, कारण असलेली ताकद पहिल्यांदा रस्त्यावर नीट उतरू लागते. मोठी चाकं टाळा. जड चाक स्टिअरिंगची चपळाई खातं, आणि पातळ टायरमुळे खड्ड्यात रिम वाकतात. कमी करता आलं तर वजन कमी करा: डिकीतलं विसरलेलं सामान, जड स्पीकरचे डबे.

एक वही गाडीतच ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या कंपनीचा पार्ट, किती पैसे. बिलं तिच्यातच चिकटवा. उद्या विकायला काढलीत तर समोरचा माणूस फोनवर ऑइलचा ग्रेड विचारेल, तेव्हा वही उघडून सांगता येईल. गाडी बरेच आठवडे उभी ठेवायची असेल तर टाकी भरा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा, बॅटरीचं ऋण टोक सोडवा आणि हँडब्रेक न लावता गिअरमध्ये टाकून चाकाला अडण लावा. ओढलेल्या हँडब्रेकचे पॅड डिस्कला गंजून चिकटतात.